बॉबकट

न्हाव्याने धोपटी उघडली होती. वस्तरा, कात्री, पितळेची वाटी, सगळं फडक्यावर मांडलं होतं. मी त्याच्यासमोर पाटावर बसले होते. वेणी सोडलेली. केस पाठीवरनं खाली येऊन फरशीला टेकत होते. त्याने वाटीत पाणी घेतलं आणि सहज विचारावं तसं विचारलं,

"पोर कुठली म्हनायची?"

"माण तालुक्यातली," मोठ्या बाई म्हणाल्या.

"माणातली व्हय. कुणाची?"

मोठ्या बाईंनी माझ्या सोडलेल्या केसांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "महाराची आहे. पण स्वच्छ असते."

न्हाव्याने वाटीतलं पाणी बाजूच्या अळवात ओतलं. वस्तरा मिटला.

"बाई, माफी असावी. मी हिच्या डोक्याला हात लावनार न्हाई."

"अरे, नुसते केस कापायचेत."

"त्येच म्हंतो मी. उद्या पेठेत कळलं तर माझ्या हातची हजामत कोन करून घेईल? पोटाव पाय येतो, बाई."

"मग कात्री तरी ठेवून जा."

"कात्री न्हाई ठिवत."

तो गेला. जाईपर्यंत त्याने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. सगळं बोलणं त्याने बाईंशी केलं. मी पाटावर तशीच बसून. वऱ्हांड्यात बाकीच्या मुली ओळीने उभ्या होत्या. सगळ्यांच्या डोक्याला फडकी बांधलेली. फडक्यांना रॉकेलचा वास. उवा त्यांच्याही डोक्यात होत्या. पण त्यांना रॉकेल मिळालं होतं. मला पाट.

हे साताऱ्यातलं. जर्मनची दुसरी लढाई चालू होती तेव्हाचं. मी मराठी सातवी पास होऊन मास्तरणीच्या ट्रेनिंगला आले होते. बाप पलटणीत होता. त्याने तिकडून कळवलं होतं, काही करा पण पोरीला मास्तरीण करा. आईला ट्रेनिंग म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की बापाने सांगितलंय. आमच्या गावात प्यायला पाणी नाही, शेतात कुसळं. जो तो मुंबईला नाहीतर पलटणीत. तिथली एक पोरगी शिकायला साताऱ्याला निघाली, म्हणून सर्व्हिस मोटारीपर्यंत सगळा महारवाडा पोचवायला आला होता.

वसतिगृह एका संस्थेचं होतं. तिथं माझ्यासारखीला जागा द्यायची की नाही यावर पंच लोकांत बरीच वादावादी झाली होती म्हणे. मोठ्या बाईंनी हट्ट धरला आणि मला घेतलं. मोठ्या बाई म्हणजे वसतिगृहाच्या प्रमुख. मूळच्या सांगलीच्या. खादी नेसायच्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत. प्रार्थनेनंतर समतेवर बोलायच्या, आणि बोलताना त्यांची नजर फिरून फिरून माझ्यावर येऊन थांबायची. मग सगळ्या मुली माझ्याकडे पाहायच्या. मी खाली बघायची. माझं ताट वेगळं नव्हतं. मी पंगतीच्या टोकाला बसायची, एवढंच. तिथं बस असं कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी आपणहून तिथं बसले, आणि कुणी उठवलं नाही.

केसांचं सांगते.

गावाकडे केस म्हणजे काय? आई करडीचं तेल थापायची, मधोमध भांग पाडायची, मागे घट्ट बुचडा. वर पदर. झालं. माझे केस लांब आहेत, दाट आहेत, हे घरच्यांशिवाय कुणी पाहिलेलंच नव्हतं. साताऱ्यात आले आणि बघते तर पोरींना केसांशिवाय दुसरं बोलणंच नाही. रविवारी न्हाणं झालं की मागच्या वऱ्हांड्यात एकीमागे एक अशा बसायच्या. पुढचीचे केस मागची विंचरायची, तिचे तिच्या मागची. आगगाडीसारखी रांग. त्या काळी दोन वेण्यांचं वेड होतं. कानामागनं दोन वेण्या घालायच्या, त्या दुमडून वर उचलायच्या आणि रिबिनीची फुलं करायची. ज्या जरा मोठ्या होत्या त्या कपाळावर केसांचा फुगा काढायच्या. आत गळलेल्या केसांचं बोंडुक घालून तो फुगा उभा राहायचा. अंबाडासुद्धा पूर्वीसारखा आवळून बांधायचा नाही, मानेवर सैल सोडायचा, सिनेमातल्या नटीसारखा. त्याला आकडे लागायचे आणि आकडे बाजारात मिळत नव्हते. सगळं लोखंड लढाईवर गेलं म्हणायचे. एकेका आकड्यावरनं भांडणं व्हायची.

हौसा म्हणून एक मुलगी होती. कोरेगावची. उसाचा मळा होता त्यांचा, भाऊ तिचाही पलटणीत. ती माझ्यासारखीच बोलायची, म्हणून मला बरी वाटायची. शरयू नावाच्या मुलीने एकदा तिचा वाकडा भांग पाडला तर ही ओरडली, "आगं बया! आईनं बघितलं तर फनी फेकून मारंल मला!" पण आरसा काही हातातनं सोडेना.

शरयू वाईची. गोरी, नाजूक. केसांतलं सगळं तिला कळायचं. पाचपेडी वेणी घालायची, कानावरनं केस वळवायची, जाळी बांधायची. वसतिगृहातल्या प्रत्येकीचं डोकं तिच्या हाताखालनं गेलं होतं. फक्त माझं राहिलं होतं. मी त्या रांगेत नसायची. खांबाला टेकून बसायची आणि बघायची. कुणी 'ये' म्हटलं नाही, मी गेले नाही.

एका रविवारी मी केस वाळवत उन्हात उभी होते. शरयू जवळ आली.

"बाई गं! हे सगळे तुझेच?"

मी हसले.

"हात शिवशिवतात गं माझे. बस ना. दोन वेण्या घालते तुला."

मी तिच्यापुढे बसले. तिने माझीच फणी घेतली. भांग पाडताना तिची बोटं माझ्या डोक्याला लागली आणि माझ्या अंगावर काटा आला. घर सोडून आल्यापासून माझ्या डोक्याला दुसऱ्या माणसाचा हात लागला नव्हता. तिने स्वतःच्या पेटीतनं निळ्या रिबिनी काढल्या. वेण्या इतक्या जाड झाल्या की वर उचलून बांधताना तिचे हात भरून आले. मग आरसा दिला. मी पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला मी आवडले. दुसऱ्या दिवशी सरावपाठाच्या शाळेत गेले तर पहिलीची पोरं म्हणाली, "नव्या बाई आल्या!" मी दिवसभर ताठ मानेने चालले. माझ्याकडे मिरवण्यासारखं काय होतं? लुगडी दोन. वहाणा बापाच्या जुन्या, कापून लहान केलेल्या. केस तेवढे होते. शरयू मग दर रविवारी मला बसवायला लागली. ती काही मायेने करत नव्हती. तिला दाट केसांवर हात बसवायचा होता. तेही मला चालत होतं.

आणि मग उवा निघाल्या.

सकाळच्या प्रार्थनेत शरयू डोकं खाजवत होती. मोठ्या बाईंच्या ते लक्षात आलं. प्रार्थना संपल्यावर त्यांनी तिला पुढ्यात बसवलं, पांढरं फडकं अंथरलं आणि बारीक दातांची फणी फिरवली. पहिल्याच फणीला फडक्यावर उवा चालायला लागल्या. मुली किंचाळल्या. मोठ्या बाईंनी एकेकीला बसवलं. सगळ्यांच्या डोक्यात होत्या. हौसाच्या तर लिखांनी केस पांढरे. माझ्याही होत्या. नसत्या कशा? सगळ्या एकाच खोलीत झोपायचो.

बाईंनी शरयूला विचारलं, "तू कुणाच्या डोक्याला हात लावला होतास?"

शरयूने माझ्याकडे पाहिलं. "हिच्या," ती म्हणाली.

खोटं नव्हतं. तिने माझ्या डोक्याला हात लावला होताच. पण तिने सगळ्यांच्या लावला होता. ते तिने सांगितलं नाही, बाईंनी विचारलं नाही, मी बोलले नाही. मला खरंच वाटलं की माझ्यापासूनच आलं असणार. हे आज सांगताना जीभ अडखळते. माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. गावाकडनं आणलंस, असं कुणी म्हणण्याआधी मी स्वतःलाच म्हटलं. फडक्यावरच्या त्या उवांकडे मी बघत होते आणि मला वाटत होतं, या माझ्या. सगळ्या माझ्या.

तेव्हा रॉकेल मोजून मिळायचं. कंदिलांना पुरत नव्हतं. तरी बाईंनी बाटली काढली, खोबरेल तेलात मिसळलं, मुलींच्या डोक्यांना लावायला सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा बाटलीवर बूच लावलं.

"तुझे केस फार दाट आहेत. तुला रॉकेल पुरायचं नाही. आणि मूळ तिथंच आहे, ते काढलेलं बरं."

मी म्हटलं, "बाई, सीताफळाच्या बिया वाटून लावल्या की जात्यात. मी आईला सांगावा धाडते."

"जात्यात नाही. जातात म्हण."

"जातात."

"नको. तोवर पुन्हा सगळ्यांच्या डोक्यात होतील. न्हावी बोलावलाय."

न्हावी आला आणि गेला. ते वर सांगितलंच.

तो गेल्यावर मला वाटलं, सुटले. आता बाई म्हणतील, ऊठ, राहू दे. एवढा समतेवर बोलणारा जीव, त्या न्हाव्याला काहीतरी बोलतील असंही वाटलं होतं. बाई उठल्या. आत गेल्या आणि शिवणाच्या वर्गातली कात्री घेऊन आल्या. माझ्यापुढे पाटावर ठेवली. हातात नाही दिली.

"तूच काप. कानाच्या वर."

मी वऱ्हांड्याकडे पाहिलं. एवढ्या मुली होत्या. कुणीही खाली येऊन चार कात्र्या मारल्या असत्या. शरयू फडक्याचा पदर घट्ट करत होती. हौसा पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होती.

मी कात्री घेतली.

कापड कापायची कात्री ती. केस तिच्यात सापडेनात, निसटायचे. मी बट धरायची, ओढून ताठ करायची आणि चघळल्यासारखी कापायची. आरसा नव्हता. हाताला लागेल तसं कापत गेले. एका बाजूला कानाच्या खाली, एका बाजूला पार कातडीपर्यंत. कानाची पाळी कापली, रक्त आलं. मी रडले नाही. मला वाटत होतं, नीट कापलं पाहिजे. बाईंना चांगलं वाटलं पाहिजे. 'अजून थोडे मागचे' असं बाई म्हणाल्या, तर मी अजून थोडे मागचे कापले.

मग त्यांनी झाडू आणायला सांगितला. माझे केस मीच झाडले, मीच उचलले, मीच न्हाणीच्या चुलीत घातले. केस जळताना वास येतो. तो स्वयंपाकघरापर्यंत गेला. मुली नाकाला पदर लावून इकडेतिकडे झाल्या. मला त्या वासाची इतकी लाज वाटली की चुलीतला तो गोळा मी हाताने बाहेर ओढायला गेले. बोटं भाजली.

आणि त्यानंतर मी काय केलं? मी बाईंच्या खोलीच्या दारात गेले. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिले. आणि म्हणाले, "उपकार झाले, बाई."

त्या म्हणाल्या, "शहाणी मुलगी आहेस."

शिवी दिली असती तर कदाचित लवकर विसरले असते.

पुढचे दिवस मी पदराखाली काढले. पदर कपाळापर्यंत ओढायचा, हनुवटीखाली मुठीत धरायचा. वर्गात फळ्यावर लिहिताना एकाच हाताने लिहायचं, कारण दुसरा पदरावर. बायका वाटेत विचारायच्या, "नवरा गेला व्हय गं?" एवढ्या कोवळ्या वयात डोकं भादरलेली बाई दिसली की दुसरं काय वाटणार? मी हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही. मुलींच्या डोक्यातल्या उवा रॉकेलने मेल्या. रविवारची रांग पुन्हा बसायला लागली. मी आता खांबाला टेकूनही बसत नव्हते. आत अंधाऱ्या कोठीत तांदूळ निवडायची.

थोड्या दिवसांनी सांगलीहून एक पाहुण्या यायच्या होत्या. बड्या वकिलाच्या पत्नी. संस्थेला देणगी द्यायच्या, म्हणून बाई चार दिवस आधीपासून सैरभैर. भिंतींना चुना झाला, पायऱ्या घासल्या. मुलींना सांगितलं, नीटनेटक्या व्हा. शरयूने पहाटेपासून सगळ्यांची डोकी केली. अशा रिबिनी, असे फुगे, की वऱ्हांड्यात लग्नघर वाटावं.

मला बाई म्हणाल्या, "तू आज स्वयंपाकघरात मदत कर. बाहेर येऊ नकोस."

मी गेले. पाटा-वरवंट्यावर ओली चटणी वाटायला बसले. वाटायला दोन्ही हात लागतात. पदर मागे घसरला, तो मी तसाच राहू दिला. बाहेर कोण येणार होतं बघायला?

पण पाहुण्यांना स्वयंपाकघर बघायचं होतं. आवाज जवळ आले आणि मी मान वर केली तोवर त्या दारात. मागे मोठ्या बाई, त्यांच्या मागे मुलींचा घोळका. पाहुण्या उंच, गोल नेसलेलं पातळ, आखूड बाह्यांचं पोलकं. आणि त्यांचे केस कापलेले. मानेपर्यंत. टोकं आत वळवलेली, गुळगुळीत, एका बाजूला चमकता आकडा. मी आयुष्यात पहिल्यांदा अशी बाई बघितली, जिचे केस कापलेत आणि तिची मान वर आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि टाळीच वाजवली.

"अय्या! बॉबकट! अहो, साताऱ्यात बॉबकट! मला वाटलं मी एकटीच."

मोठ्या बाई घाईने पुढे झाल्या. "हो, आम्ही मुलींना मोकळीक देतो. हिनं हौसेनं कापले. हरिजन मुलगी आहे, पण बघा, नव्याची किती आवड."

"हो का गं?" पाहुण्या माझ्याकडे वाकल्या. "पाठीमागे जरा वेडेवाकडे झालेत, पण दिसतोय छान. तुझे तूच कापलेस? आवडला तुला?"

आणि त्यांनी हात पुढे केला. माझ्या केसांवरनं फिरवायला.

मोठ्या बाई त्यांच्या खांद्यावरनं माझ्याकडे बघत होत्या. डोळ्यांत राग नव्हता. विनवणी होती. एकदा मान हलव, एवढंच. हो म्हण. आणि मी म्हणणार होते. खरं सांगते, 'हो' माझ्या ओठावर आला होता. हो म्हटलं असतं तर माझी लाजही झाकली गेली असती. उवांची पोरगी एका क्षणात फॅशनवाली झाली असती. वकिलीणबाईंच्या बरोबरीची. किती सोपं होतं.

पण तो 'हौसेनं' शब्द आडवा आला. आधी माझ्याकडनं केस कापून घेतले. आता त्याची हौसही माझ्याच नावावर.

मी उभी राहिले. हात चटणीने माखलेले.

"न्हाई," मी म्हटलं. "मी हौसेनं न्हाई कापलं. माझ्या डोक्यात उवा हुत्या. ह्या समद्यांच्या डोक्यात हुत्या. ह्यांला रॉकेल लावलं. मला न्हावी बलवला. त्यो म्हनला, महाराच्या डोक्याला हात लावनार न्हाई. मग बाईंनी मला कात्री दिली आन् म्हनल्या, तूच काप."

शिकवलेलं शुद्ध सगळं कुठं गेलं कोण जाणे. आईच्या तोंडचंच आलं.

पाहुण्यांचा हात माझ्या डोक्याजवळ आलेला होता. तो तिथंच थांबला. मग मागे गेला. आणि सरळ त्यांच्या स्वतःच्या केसांकडे गेला. टोकं चाचपली, मानेमागे खाजवलं.

"चला," त्या म्हणाल्या, "मला उशीर होतोय."

एवढंच. तो चमकता आकडा दारातनं बाहेर गेला. मला वाटलं होतं त्या काहीतरी बोलतील. मला का वाटलं असेल?

संध्याकाळी मोठ्या बाईंनी मला बोलावलं. आवाज तसाच, न चढलेला.

"मी तुझ्यासाठी पंचांशी भांडले. तुझ्यासाठी लोकांची बोलणी खाल्ली. त्याची ही फेड?"

मी उंबऱ्याबाहेर उभी.

"तुझ्या आईला बोलावणं पाठवलंय. ती आली की तू लिहून दे. आई आजारी असल्यानं मी स्वखुशीनं वसतिगृह सोडत आहे. म्हणजे तुझ्यावर ठपका राहणार नाही, संस्थेवरही नाही."

आई तिसऱ्या दिवशी आली. सर्व्हिस मोटारीतनं उतरून, विचारत विचारत. अंगणातच उभी राहिली, पायरी चढली नाही. माझा पदर नव्हता. पाहुण्या आल्या त्या दिवसापासून मी तो डोक्यावर घेतला नव्हता. तिने मला पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"आगं, ह्ये काय केलंस? आता तुला कोन करून घेईल?"

मी सगळं सांगितलं. तिने ऐकलं. मग ती अंगणातनंच मोठ्या बाईंच्या दिशेने वाकली आणि जमिनीला डोकं टेकलं.

"बाईसाब, पोर हाय. चुकली. पदरात घ्या."

"आये, ऊठ," मी म्हटलं.

"तू गप बस. पाया पड बाईच्या."

"मी न्हाई पडणार."

"मग लिवून तरी दे. त्या म्हनत्यात तसं. आगं माझे बाई, केस काय, गवतावानी येतील. ही जागा गेली तर पुन्हा गावतीय का? तुझा बाप तिकडं गोळ्या खातोय तुझ्या शिक्षनासाठी."

तिचं चूक नव्हतं. जागा म्हणजे दोन वेळचं जेवण, कंदील, साताऱ्यातलं छप्पर. ते गेलं तर ट्रेनिंग गेलं, बापाचा शब्द गेला. मला ते सगळं दिसत होतं. बाईंनी कागद आणि टाक माझ्यापुढे ठेवला. पाटावर कात्री ठेवली होती तसाच. हातात नाही दिला. माझा हात उचलला गेला, आणि त्या वेळी मला कळलं की हा हात पुन्हा तेच करायला निघालाय. त्या दिवशी न्हाव्याने नाही म्हटलं, बाईंनी हात लावला नाही, मुली खाली आल्या नाहीत. सगळ्यांचे हात स्वच्छ. माझा अपमान माझ्या एकटीच्या हाताने झाला. आता मला काढायचंही माझ्याच हाताने.

मी हात मागे घेतला.

"मी लिवून देनार न्हाई," मी म्हटलं. "मला खुशी न्हाई. काढायचं आसंल तर तुमी काढा. आन् कारण लिवा."

आईने मला मारायला हात उगारला. तो माझ्या डोक्यापर्यंत आला, त्या वेड्यावाकड्या खुंटांवर पडला आणि तिथंच राहिला. मारलं नाही. कुरवाळलंही नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, "मला कारण लिहिता येणार नाही."

"मग मी हितंच ऱ्हाते."

दोन दिवस राहिले. मग पंचांनी कारण न लिहिताच माझं नाव काढलं. माझी वळकटी गड्याने बाहेर आणून ठेवली. ती मी बांधली नव्हती. हौसा फाटकापर्यंत आली, रडत. "मी बोलाय पायजे हुतं गं. माझ्याच डोक्यात लय हुत्या." मी म्हटलं, "मग आता बोल की. बाई आतच हायती." ती खाली बघायला लागली. शरयू आलीच नाही.

साताऱ्याच्या महारवाड्यात एका म्हातारीने मला ओसरीचा कोपरा दिला. आई एकटीच गावी गेली. मोटार सुटेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. ट्रेनिंग सरकारी होतं, तिथनं मला कुणी काढू शकत नव्हतं, पण बसायला माझ्या बाकावर कुणी येईना. त्यानंतर सरावपाठाच्या शाळेत गेले तर पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी दारात अडवलं.

"बाई, डोक्यावरनं पदर घ्या. पोरं हसतील."

"हसू द्या."

पोरं हसली. खूप हसली. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. कान लाल झाले होते. हसणं थांबेपर्यंत मी उभी होते. मग पाठ घेतला.

माणसांना वाटतं, एकदा तोंड उघडलं की लाज जाते. जात नाही. पुढे केस आले, वाढले, पण लाज आहे तिथंच आहे. केस कापले त्याची नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून 'उपकार झाले' म्हणाले, त्याची. ती मी कुणाला पुसू देणार नाही, स्वतःलाही नाही. ती मला लागते.

कारण स्वतःचे हात स्वच्छ ठेवणारे तुम्ही पुन्हा येणार. कधी कायदा घेऊन याल, कधी माया घेऊन. माझ्यापुढे काहीतरी ठेवाल आणि म्हणाल, तूच कर. तेव्हा ऐकून ठेवा. मला खाली बसवायचं असेल, बाहेर काढायचं असेल, तर तुमच्या हातांनी करा, दिवसाउजेडी, चार लोकांत, आणि का ते तुमच्या तोंडाने सांगा. माझा हात त्या कामाला मिळणार नाही.